“ते वर्ग माझ्यासारख्यांसाठी नसतात” म्हणणाऱ्या हिस्पॅनिक विद्यार्थिनीला काय सांगावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही मूळच्या नाशिकच्या, सध्या टेक्सासमधल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवता. तुमच्या अल्जिब्रा टूच्या वर्गात दहावीतली एक मेक्सिकन-अमेरिकन, म्हणजे हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या घरातली) मुलगी आहे, वर्गातल्या पहिल्या दोन-तीन नंबरांतली. पुढच्या वर्षी एपी (हायस्कूलमध्येच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) प्रीकॅल्क्युलस घे असं तुम्ही सुचवलंत, तर ती म्हणाली, “मिस, ते वर्ग माझ्यासारख्यांसाठी नसतात.” त्याच आठवड्यात एका मुलानं तिला ऐकवलं की तुला काय, हिस्पॅनिक म्हणून कुठेही ॲडमिशन मिळेल. विषय निवडायला मार्गदर्शन करणाऱ्या कौन्सेलरनं तिच्या कोर्स निवडीच्या फॉर्मवर सोपं गणित लिहून ठेवलंय. वडील छपरं घालायच्या कामावर जातात, आई ऑफिसांची साफसफाई करते, आणि दोघंही अजून शाळेत भेटायला आलेले नाहीत. तुम्ही विचारलंय की तिनं सगळ्यांना खोटं ठरवून दाखवावं यासाठी तिची तयारी कशी करून घेऊ?

मी टेक्सासमध्येच आधी गणित शिकवलं आणि आता बरीच वर्षं हायस्कूलमध्ये कौन्सेलर आहे. माझ्याकडची बहुतेक मुलं हिस्पॅनिक घरांतली. तुमची तळमळ मला समजते, पण प्रश्नाचा शेवट मी बदलून घेईन. सगळ्यांना खोटं ठरवणं हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवायचं ओझं नव्हे. तिनं गणित शिकावं. ‘हिस्पॅनिक म्हणजे अभ्यासात मागे’ अशा तिच्यावर बसलेल्या शिक्क्याच्या आधारानं जे निर्णय घेतले जातात ते शोधून काढायचे आणि दुरुस्त करून घ्यायचे, हे शाळेतल्या मोठ्या माणसांचं काम आहे. टोमण्यानं तिचा दिवस वाईट जातो. चुकीच्या वर्गात नाव पडलं तर पुढची चार वर्षं वेगळी होतात. म्हणून मी नेहमी निर्णयापासून सुरुवात करते, टोमण्याकडे नंतर येते.

“सिद्ध करून दाखव” हे मी का सांगत नाही, ते एका प्रसिद्ध प्रसंगावरून सांगते. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या गारफील्ड हायस्कूलमध्ये हायमे एस्कलांते नावाचे बोलिव्हियातून आलेले शिक्षक होते. तिथली मुलं बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन, कष्टकरी घरांतली. १९८२ साली त्यांच्या १८ मुलांनी एपी कॅल्क्युलसची परीक्षा दिली आणि सगळी पास झाली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला उत्तरांमधल्या काही चुका एकसारख्या दिसल्या आणि तिनं १४ जणांवर संशय घेतला. संशयाचा मुलांच्या वंशाशी काही संबंध नाही असं संस्थेनं सांगितलं. एस्कलांते यांना ते कधीच पटलं नाही. १४ पैकी १२ मुलांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही जण पुन्हा पास झाले.

ही गोष्ट विजयाची म्हणून सांगितली जाते, आणि आहेच. पण त्या बाराजणांच्या जागी तुमच्या विद्यार्थिनीला उभं करून पाहा. एकदा सिद्ध केलेलं त्यांना दुसऱ्यांदा सिद्ध करावं लागलं, तेही ऐन सुट्टीत. समोरच्यानं आधीच मत बनवलं असेल तर पुरावा किती द्यायचा याला अंत नसतो. ज्या मुलीला आपण “दाखवून दे त्यांना” असं सांगून वर्गात पाठवतो, तिला पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की ती एकटी नापास होत नाही. तिच्या मनात सगळा समाज नापास होतो. मग ती हात वर करायची बंद होते.

त्या गोष्टीतला दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. एस्कलांते १९७४ मध्ये त्या शाळेत आले, आणि १९८२ चा निकाल लागायला मध्ये आठ वर्षं गेली. त्यांनी खालच्या वर्गांपासून बीजगणिताचा पाया पक्का करून घेतला, शाळेच्या आधी आणि नंतर शिकवलं, पुढे उन्हाळ्यातले वर्ग सुरू केले. चमत्कार म्हणून सांगितलं की ही सगळी व्यवस्था नजरेआड होते आणि मुलीला वाटतं की आपल्यात तेवढी जिद्द नाही.

आता निर्णयांकडे. सोपं गणित कुणी आणि का लिहिलं, हे आधी शोधा. माझ्या अनुभवात कुणीतरी दुष्टपणानं लिहिलेलं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा चुकीचं मूळ कागदपत्रांत असतं. टेक्सासमध्ये मुलाचं नाव पहिल्यांदा शाळेत घालताना घरच्या भाषेचा फॉर्म भरावा लागतो. पालकांनी प्रामाणिकपणे स्पॅनिश लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि त्यावरून मूल भाषा शिकणाऱ्यांच्या यादीत जातं. लहान वयात ही मदत खरोखर गरजेची असते. अडचण येते त्या यादीतून बाहेर पडताना. दरवर्षीच्या भाषापरीक्षेत बोलण्याचा भाग कॉम्प्युटरवर असतो. एका खोलीत मुलं कानाला हेडफोन लावून बसतात आणि सगळी एकाच वेळी माइकमध्ये बोलतात. चौदा वर्षांचा मुलगा, शेजारी मित्र ऐकतोय, तो पूर्ण वाक्यात चित्राचं वर्णन कशाला करेल? तो दोन शब्द पुटपुटतो आणि पुढचं बटण दाबतो. घरी भावंडांशी, मैदानावर मित्रांशी दिवसभर इंग्रजीत बोलणारा मुलगा कागदावर इंग्रजी न येणारा राहतो. त्याच्या वेळापत्रकातला एक तास इंग्रजीच्या जादा वर्गाला जातो आणि चांगल्या कोर्ससाठी जागाच उरत नाही. तुमची मुलगी अशा यादीत आहे का, असेल तर कोणत्या एका भागामुळे अडकली आहे, हे विचारा. त्या एका भागाची तयारी थोड्या दिवसांत करून घेता येते.

चूक होण्याची दुसरी जागा म्हणजे आडनाव. स्पॅनिश घरांत वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावायची रीत आहे. गार्सिया लोपेझ नावाची मुलगी एका शाळेत गार्सिया म्हणून नोंदली जाते, दुसऱ्या शाळेत लोपेझ म्हणून. शाळा बदलली की आठवीत पूर्ण केलेला अल्जिब्रा वन दुसऱ्याच नोंदीत राहतो आणि कौन्सेलरच्या पडद्यावर मुलगी मागे पडलेली दिसते. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आजवरच्या कोर्सची आणि गुणांची अधिकृत नोंद, एकदा ओळीनं वाचा. पालकांना मुलाच्या शालेय नोंदी बघायचा हक्क १९७४ च्या केंद्रीय कायद्यानं दिलेला आहे, तो वापरता येतो.

आणि तिसरी जागा शिफारस. प्रगत वर्गात कोण जाणार हे शिक्षकाच्या शिफारशीवर सोडलं की जे मूल शिक्षकाच्या डोक्यातल्या हुशार मुलाच्या चित्राशी जुळतं तेच पुढे जातं. गुणांवर सोडलं की चित्र बदलतं. फ्लोरिडातल्या एका मोठ्या जिल्ह्यानं २००५ च्या सुमारास शिफारशीची वाट न पाहता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा प्रज्ञावंत म्हणून निवडलेल्या हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. मुलं तीच होती. टेक्सासनं २०२३ साली कायदाच केला: पाचवीच्या राज्यपरीक्षेत गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलाला सहावीत आपोआप प्रगत गणितात घालायचं, पालकांना नको असेल तर त्यांनी तसं कळवायचं. तुमची विद्यार्थिनी या कायद्याआधीची, त्यामुळे तिच्यासाठी हे हातानं करावं लागेल. तिनं पीएसएटी (कॉलेज प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेची सराव चाचणी) दिली असेल तर त्या गुणांवरून कोणत्या एपी विषयात ती टिकेल याचा अंदाज कॉलेज बोर्ड, म्हणजे या परीक्षा चालवणारी संस्था, शाळेला कळवतं. तो कागद, तिचे तुमच्या वर्गातले गुण आणि तुमच्या दोन ओळी घेऊन कौन्सेलरकडे जा. “मला वाटतं ती हुशार आहे” यापेक्षा हे तीन कागद बोलके असतात.

वर्गात नाव लागलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. इथे मला गणितज्ञ यूरी ट्राइसमन यांचं काम सगळ्यात उपयोगी पडलंय. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात ते कॅल्क्युलस शिकवणाऱ्यांसोबत काम करत होते आणि काही गटांतली चांगली मुलं तिथे का नापास होतात हे शोधत होते. सहकारी प्राध्यापकांकडे उत्तरं तयार होती: घरचा पाठिंबा नाही, पाया कच्चा, इच्छाच नाही, गरिबी. ट्राइसमन मुलांच्या मागे त्यांच्या खोल्यांपर्यंत, घरांपर्यंत गेले आणि यातलं काही टिकलं नाही. त्यांना दिसलं ते असं: चिनी घरांतली मुलं एकत्र बसून गणितं सोडवत होती, एकमेकांची उत्तरं तपासत होती, कृष्णवर्णीय मुलं तेवढेच कष्ट करत होती, पण एकटी. त्यांनी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांसाठी गट सुरू केले आणि त्यांना सोप्या उजळणीऐवजी अवघड गणितं दिली. मुलं पुढे गेली. हीच पद्धत १९८८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आली.

यातून मी उचललेली गोष्ट अशी की शिक्का बसलेल्या मुलाला अवघड वर्गात एकट्याला पाठवायचं नाही. तुमच्या अल्जिब्रा टूमध्ये तिच्या तोडीची आणखी दोन-तीन मुलं नक्की असतील. सगळ्यांचे फॉर्म एकदम भरून घ्या. एकाच तासाला त्यांची नावं पडतील असं कौन्सेलरला सांगा. आठवड्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत तुमची खोली उघडी ठेवा आणि फळ्यावर एक चांगलं अवघड गणित लिहून ठेवा. उजळणीचा वर्ग असं नाव देऊ नका. त्या नावानं शिक्का परत येतो.

तिच्याशी बोलताना कौतुक जपून करा. शिक्का बसलेल्या मुलांना बरेच शिक्षक खोटे गोड शेरे देतात: “छान प्रयत्न”, “खूप सुंदर”. मुलांना ते लगेच कळतं, आणि ती त्याचा अर्थ लावतात की आपल्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षाच नाही. मी असं काहीतरी म्हणते: “या उत्तरात तू तीन ठिकाणी पायऱ्या गाळल्यास. एपीच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, म्हणून दाखवतेय. तुझं काम बघून मला वाटतं तो पेपर तुला जमेल; शुक्रवारपर्यंत हेच पुन्हा करून आण.” चूक नेमकी, अपेक्षा उंच, विश्वास कशावरून तेही सांगितलेलं. परीक्षेच्या आधी मात्र वंशाचा, समाजाचा विषय काढू नका, प्रोत्साहनासाठीही नाही. मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की ‘ही तुमच्या बुद्धीची परीक्षा आहे’ असं सांगितलं की शिक्का बसलेल्या गटातल्या मुलांची कामगिरी घसरते. नंतरच्या मोठ्या प्रयोगांत हा परिणाम बराच कमी दिसला, काही ठिकाणी दिसलाच नाही. पण परीक्षेआधी असं ओझं न टाकायला खर्च काहीच येत नाही, म्हणून मी ते पाळते.

आता त्या मुलाचा टोमणा. आपल्याकडे इंजिनीअरिंग किंवा मेडिकलला शिकलेल्यांना “कोट्यातली सीट” हे शब्द ओळखीचे असतील. काहींनी ऐकलेत, काहींनी ऐकवलेत. इथेही तोच डंख आहे, आणि वस्तुस्थिती त्या मुलानं समजून घ्यावी अशी आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॉलेज प्रवेशात वंश हा निकष म्हणून वापरणं बंद केलं. टेक्सासमध्ये तर १९९७ च्या कायद्यापासून शाळेतल्या वरच्या १० टक्क्यांत असलेल्या मुलाला राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही मर्यादा अधिक कडक आहे, २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्के. तिथे नाव-आडनाव बघितलं जात नाही. त्या मुलाला वर्गासमोर झापू नका. तास संपल्यावर थांबवा आणि हे दोन मिनिटांत सांगा. वर्गात त्याच क्षणी एवढंच पुरे: “इथे कुणाच्या मेहनतीचं श्रेय काढून घ्यायचं नाही.” तुम्ही गप्प राहिलात तर ती तुमचं मतही तेच आहे असं धरेल.

तिला उदाहरण हवं असेल तर सोनिया सोतोमायोर यांचं सांगा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली पोर्तो रिकन घरातली मुलगी. प्रिन्स्टन या नामांकित विद्यापीठाकडून प्रवेश मिळण्याची शक्यता आहे असा संकेत आला तेव्हा शाळेच्या नर्सनं तिला विचारलं होतं की वर्गातल्या पहिल्या दोघींना नाही आणि तुला कसा? तिथे गेल्यावर आपलं लेखन कच्चं आहे हे कळलं, तेव्हा तिनं सुट्टीत व्याकरणाची पुस्तकं घेऊन ते पक्कं केलं. १९७६ मध्ये ती सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाली, २००९ पासून सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आहे. यातला व्याकरणाच्या पुस्तकांचा भाग नक्की सांगा. कच्चं असणं आणि कमी असणं यात मुलांचा घोळ होतो.

पालक येत नाहीत याचा अर्थ त्यांना पर्वा नाही असा घेऊ नका. हाही शिक्काच आहे, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा. छपरांचं काम उजाडायला सुरू होतं, साफसफाईचं काम ऑफिसं सुटल्यावर. दुपारी चारच्या मीटिंगला कोण येणार? शिवाय शिक्षकाचा मान राखायचा, त्याच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, अशी बऱ्याच मेक्सिकन घरांतली रीत आहे. आपल्या घरांतही अशीच होती. रविवारी किंवा रात्री फोनवर बोला. दुभाषा शाळेनं द्यायचा असतो, तो मागा. मुलीला दुभाषा बनवू नका. स्वतःबद्दलचं कौतुक किंवा अडचण तिनंच आईला भाषांतर करून सांगावी हे बरोबर नाही. आणि बोलताना नेमकं बोला. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांना एपीच्या परीक्षेत ५ पैकी ३ किंवा त्याहून जास्त गुण असले की क्रेडिट द्यावं लागतं, म्हणजे तो कोर्स झाला असं धरावं लागतं आणि एका कोर्सची फी वाचते. कमी उत्पन्नाच्या घरांना परीक्षेच्या फीत सवलत आहे. हे ऐकल्यावर वडील फोन आईकडे न देता स्वतःच पुढचे प्रश्न विचारायला लागतात, असं मी पाहिलंय.

परिस्थितीनुसार काय बदलतं तेही सांगते. हिस्पॅनिक म्हणजे एकाच साच्यातली माणसं नव्हेत. टेक्सासमधली काही घरं हा प्रदेश मेक्सिकोचा होता तेव्हापासून इथेच आहेत. त्यांच्या मुलांना स्पॅनिश येत नाही आणि त्यावरून इतर हिस्पॅनिक मुलंच त्यांना चिडवतात. ग्वातेमालातून आलेल्या एखाद्या मुलाच्या घरी माया कुळातली भाषा बोलतात, तिथे स्पॅनिश दुभाषाही उपयोगाचा नाही. पोर्तो रिकन तर १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत. तुमच्या मुलीचं घर कुठलं हे तिनं सांगितलं तर ऐका, गृहीत धरू नका. कागदपत्रांबद्दल मात्र कधीच विचारू नका. १९८२ च्या प्लायलर खटल्यापासून कागदपत्रं असोत नसोत, प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत शिकायचा हक्क आहे. तो खटला टेक्सासमधलाच. कॉलेजच्या फीबाबत इथले नियम जून २०२५ मध्ये बदलले आहेत, तेव्हा घरच्यांनी स्वतःहून विषय काढला तर वकिलाकडे पाठवा, तुम्ही सल्ला देऊ नका. आणि तिच्यावर धाकट्या भावंडांची किंवा कामाची जबाबदारी असेल तर दोन एपी एकदम नकोत. एकच घ्यावा, पण नीट.

एक गोष्ट आपल्या माणसांत, आपल्या भाषेत बोलता येते म्हणून बोलते. डॅलस-ह्यूस्टनच्या मराठी घरांत मेक्सिकन म्हटलं की गवत कापायला किंवा छप्पर दुरुस्त करायला येणारा माणूसच डोळ्यांसमोर येतो, आणि मुलांसमोर त्याच सुरात बोललंही जातं. त्याच वेळी भारतीय म्हणजे गणितात हुशार हा शिक्का आपण आनंदानं मिरवतो. तुमच्या वर्गात हे दोन्ही शिक्के शेजारी-शेजारी बसलेले आहेत, आणि फळ्यापाशी तुम्ही, भारतीय नावाची गणिताची शिक्षिका, उभ्या आहात. एक आठवडा, वर्गात कोण कुठे बसतं त्या तक्त्यावर खूण करत जा: अवघड प्रश्न कुणाला विचारला, सोपा कुणाला, आणि उत्तरासाठी कुणापाशी जास्त वेळ थांबलात. त्या खुणा कुणाला दाखवायच्या नाहीत. तुमच्या तुम्ही बघा आणि पुढच्या आठवड्यात बदल करा.

कोर्स निवडीचे फॉर्म बहुतेक शाळांत जानेवारी-फेब्रुवारीत बंद होतात, त्यामुळे आधी तुमच्या शाळेची तारीख बघा. मग ट्रान्सक्रिप्ट, मग कौन्सेलर, मग पालकांना फोन, याच क्रमानं जा. पालकांना आधी आशा दाखवून नंतर जागा नाही म्हणावं लागू नये. कौन्सेलरनं नकार दिला तर कारण ईमेलवर मागा आणि ते इथे लिहा, मुलीचं आणि शाळेचं नाव न देता. जागा भरल्यात हे कारण असेल तर एक रस्ता आहे, आधीचा एखादा कोर्स कमी पडतो हे असेल तर उन्हाळ्यातला दुसरा, आणि नुसतं “तिला झेपणार नाही” एवढंच असेल तर उपमुख्याध्यापकांकडे काय लिहून द्यायचं ते मी सांगेन.